वाचकांचे प्रश्न : क्लोज-अप स्टॅकला धार का येत नाही?

क्लोज-अपमध्ये फोकसची पट्टी इतकी अरुंद असते की मुंगीचा डोळा स्पष्ट आला तर मिशी जाते आणि मिशी धरली तर डोळा जातो. यावर उपाय म्हणजे फोकस थोडा थोडा पुढे सरकवत बऱ्याच फ्रेम घ्यायच्या आणि प्रत्येकीतला स्पष्ट भाग सॉफ्टवेअरकडून एकत्र करून घ्यायचा. हेच फोकस स्टॅकिंग. या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे: एवढा खटाटोप करूनही फोटो सॉफ्टच येतो. कारणं मात्र प्रत्येकाची वेगळी आहेत.

प्रश्न (सातारा) : २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, १०० मिमी मॅक्रो लेन्स. मेलेल्या भुंग्याचा १:१ फोटो घेतला. भुंग्याची खोली साधारण ८ मिमी. जास्त डेप्थ (फोकसमधली खोली) मिळावी म्हणून ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ १६ इतकं बारीक ठेवून ४० फ्रेम घेतल्या. हेलिकॉन या स्टॅकिंग सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही मेथड वापरून पाहिल्या, तरी पाठीवरचे बारीक खड्डे उठून दिसत नाहीत.

उत्तर : दोष हेलिकॉनचा नाही, एफ १६ चा आहे. तो चाळीसही फ्रेममध्ये सारखाच बसला आहे, म्हणून स्टॅक करून जात नाही. सॉफ्टवेअर फक्त निवड करतं. जो तपशील एकाही फ्रेममध्ये उतरलेला नाही, तो ते कुठून आणणार?

लेन्सवरचा एफचा आकडा लांबच्या विषयासाठी खरा असतो. विषय जवळ येईल तसा तो वाढत जातो. ढोबळ हिशेब असा: प्रभावी आकडा = लेन्सवरचा आकडा × (१ + पट). पट म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा मूळ वस्तूच्या कितीपट आहे ते. १:१ ला पट १, म्हणून तुमचं एफ १६ प्रत्यक्षात एफ ३२ झालं. एफ ३२ ला विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, प्रकाशाच्या एका बिंदूचा सुमारे ४३ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) रुंदीचा ठिपका होतो. तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा. म्हणजे एक बिंदू दहा पिक्सेलवर पसरतो, मग खड्ड्यांच्या कडा कुठून दिसणार?

गंमत अशी की एफ १६ ला या भुंग्यासाठी पाच-सहा फ्रेम पुरल्या असत्या. बाकीच्या वाया गेल्या. त्याच ४० फ्रेम एफ ५.६ ला, प्रत्येकी ०.२ मिमी सरकवून घेतल्या असत्या तर ८ मिमीची खोली बरोबर झाकली गेली असती आणि ठिपका १५ मायक्रॉनवर आला असता. स्टॅकिंग करताना डेप्थ फ्रेमच्या संख्येतून मिळवायची, ॲपर्चर बंद करून नव्हे.

आपल्या लेन्सचा सर्वांत धारदार आकडा शोधायला नोट घ्या, तिच्यावरची सूक्ष्म अक्षरं उत्तम कामी येतात. नोट ४५ अंशांत तिरकी ठेवा, म्हणजे फोकस नेमका कुठे पडला याची चिंता उरत नाही, कुठली तरी एक ओळ फोकसमध्ये येतेच. एफ ४, ५.६, ८ आणि ११ ला एकेक फ्रेम घ्या आणि त्या ओळीची १०० टक्के आकारात तुलना करा. बऱ्याच मॅक्रो लेन्स १:१ ला ४ ते ५.६ मध्ये उत्तम चालतात. एक सावधगिरी: निकॉनचे कॅमेरे निकॉनच्या मॅक्रो लेन्ससोबत प्रभावी आकडाच दाखवतात. एफ २.८ ची लेन्स १:१ ला पूर्ण उघडी असताना ४.८ च्या आसपास आकडा दिसला तर त्याला पुन्हा दोनाने गुणू नका.

प्रश्न (डोंबिवली) : दुप्पट मोठेपणा देणारी लेन्स आणि हाताने फिरवायची रेल (कॅमेरा बारीक बारीक पुढे सरकवणारी पट्टी) आहे. मुठीच्या एका फेऱ्यात कॅमेरा १ मिमी पुढे जातो. उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या डोक्याची खोली ४ मिमी धरली तर किती किती सरकवायचं? अंदाजाने सरकवल्यावर पायांवर स्पष्ट-अस्पष्ट असे पट्टे आले.

उत्तर : ते पट्टे म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये राहून गेलेली फट. पाऊल मोठं पडलं की एका फ्रेमची फोकसपट्टी संपते आणि दुसरीची सुरू होत नाही, मधला भाग कोणत्याच फ्रेममध्ये धारदार नसतो. नेटवरच्या डेप्थ ऑफ फील्डच्या तक्त्यांवर विसंबू नका. त्यांतली स्पष्टतेची व्याख्या छोट्या छापील फोटोसाठी केलेली, म्हणजे फारच सैल असते. स्टॅकसाठी हा हिशेब वापरा: प्रभावी आकड्याला पटीने भागा, उत्तराचा वर्ग करा, त्याला ०.००२२ ने गुणा. आलेला आकडा म्हणजे खरोखर धारदार पट्टीची जाडी, मिमीमध्ये. पाऊल तिच्या पाऊणपट ठेवा, म्हणजे फ्रेम एकमेकींवर थोड्या चढतात.

तुमच्या बाबतीत एफ ४ धरलं तर: पट २, प्रभावी आकडा १२. १२ भागिले २ म्हणजे ६, वर्ग ३६, गुणिले ०.००२२ म्हणजे सुमारे ०.०८ मिमी. पाऊणपट पाऊल ०.०६ मिमी. मुठीवर एवढं मोजता येत नाही, म्हणून पुठ्ठ्याची गोल चकती कापून मुठीवर चिकटवा आणि तिच्यावर दर २० अंशांवर रेघ मारा. १८ रेघा होतील. एक रेघ म्हणजे ०.०५५ मिमी. ४ मिमीला ७३ फ्रेम, शिवाय डोळ्याच्या पुढे पाच आणि मागच्या शेवटच्या केसाच्या पलीकडे पाच जास्तीच्या. म्हणजे ८० ते ८५ फ्रेम. या जास्तीच्या फ्रेम वाचवण्याच्या नादात पुष्कळ स्टॅक फुकट जातात, कारण सर्वांत पुढचा केस आपल्याला स्क्रीनवर दिसतच नाही.

मूठ नेहमी एकाच दिशेने फिरवा. स्क्रूमध्ये ढिलाई असते. मागे यावं लागलं तर एक पूर्ण फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे या, नाहीतर पहिल्या दोन-तीन रेघा मूठ फिरते आणि कॅमेरा जागचा हलत नाही.

पट किती हे लेन्सवरच्या खुणेवरून ठरवू नका, पट्टीचा फोटो घ्या. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद असतो (कॅननचा २२.३). फ्रेमच्या रुंदीत पट्टीचे १२ मिमी मावले तर जवळपास २ पट. फुलफ्रेमला हेच गणित ३६ मिमी धरून करा.

रेल की लेन्सची रिंग, असंही तुम्ही विचारलं आहे. १ पटीपर्यंत रिंग फिरवलेली बरी, त्यात दृष्टिकोन कमी बदलतो आणि फ्रेम नीट जुळतात. त्यावर गेलात की रेल. दोन्हींत फ्रेम जुळवताना कडा कापल्या जातात, म्हणून विषयाभोवती दहा टक्के जागा सोडा.

प्रश्न (चिंचवड) : चौथ्या मजल्यावर राहतो. एकेक फ्रेम वेगवेगळी पाहिली तर काही धारदार असतात, काही थरथरल्यासारख्या. ट्रायपॉड भक्कम आहे, विषय शेजारच्या टेबलावर असतो.

उत्तर : ट्रायपॉड भक्कम असून भागत नाही, कारण विषय दुसऱ्या टेबलावर आहे. फरशी हलली की दोघं वेगवेगळे हलतात. ३ पटीला विषय पाच मायक्रॉन हलला तर सेन्सरवर तो पंधरा मायक्रॉन, म्हणजे तीन-चार पिक्सेल होतो. म्हणून कॅमेरा आणि विषय एकाच जड पाटावर आणा. कडप्प्याचा दोन फूट बाय एक फूट तुकडा घ्या, खाली जुन्या सायकल ट्यूबच्या घड्या ठेवा, वर रेल आणि विषयाचा स्टँड दोन्ही पक्के बसवा. हलायचंच असेल तर दोघं एकत्र हलू देत.

पंखा बंद करा. छताचा पंखा वाराही देतो आणि कंपनंही, आणि आपल्या घरांत तो इतका सवयीचा असतो की लक्षातच येत नाही. पाण्याचा पंप, वॉशिंग मशीन आणि शेजारचा मिक्सर यांच्या वेळा टाळा. रात्री अकरानंतर काम चांगलं होतं.

कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन बंद ठेवा. डीएसएलआर असेल तर मिरर-अप आणि २ सेकंदांचा विलंब, मिररलेसमध्ये इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन. शटर १/६० ते १/२ सेकंदाच्या दरम्यान असेल तर शटरचाच धक्का फोटोत सर्वाधिक उतरतो. म्हणून एकतर फ्लॅश वापरा, नाहीतर एलईडीवर २ सेकंद किंवा जास्त एक्स्पोजर द्या, म्हणजे सुरुवातीचा धक्का एकूण वेळात नगण्य ठरतो.

फ्लॅश मॅन्युअलवर, १/१६ किंवा १/३२ शक्तीवर ठेवा. तिथे त्याची झळक इतकी छोटी असते की उरलेलं कंपन गोठतं. पूर्ण शक्तीवर झळक कितीतरी लांबते, त्यामुळे हा फायदा जातो. टीटीएल (फ्लॅशची ऑटो पद्धत) नको, त्यात प्रत्येक फ्रेमचा उजेड वेगळा येतो. दोन फ्रेममध्ये ४ सेकंद थांबा: फ्लॅशही भरतो आणि रेलही शांत होते. एलईडी वापरत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. इलेक्ट्रॉनिक शटरवर १/२०० ठेवलं तर आडवे पट्टे येतात. १/५० किंवा १/२५ वर ते जातात, पॉवर बँकेवरचे चांगले पॅनेल बहुधा हा त्रास देत नाहीत.

विषय कणकेच्या गोळ्यात खोचला आहे असं तुम्ही लिहिलंत. कणीक सुकताना आकसते. चिकट पुटीही हळूहळू खचते, अर्ध्या तासाच्या स्टॅकमध्ये ते सहज दिसतं. बुचात रोवलेली कीटकांची टाचणीच सर्वांत विश्वासू.

प्रश्न (फोंडा) : मुंगीच्या मिश्यांभोवती आणि केसांभोवती धुरकट कडा येते. झेरीन हे स्टॅकिंग सॉफ्टवेअर वापरतो, त्यात पीमॅक्स आणि डीमॅप अशा दोन पद्धती आहेत. पीमॅक्समध्ये कडा कमी, पण फोटो खरखरीत. डीमॅपमध्ये पृष्ठभाग छान, पण केस तुटतात.

उत्तर : दोन्ही पद्धती आपापल्या स्वभावानुसारच वागत आहेत. पीमॅक्स प्रत्येक ठिकाणी सर्वाधिक तपशील दिसेल ते उचलतो. त्याला केस सापडतात, पण नॉइजही तपशीलच वाटतो, म्हणून फ्रेम वाढल्या की खरखर वाढते आणि रंग भडक होतात. डीमॅप आधी कुठला भाग किती खोल हे ठरवतो आणि त्यानुसार एकेका फ्रेममधले पिक्सेल जसेच्या तसे आणतो. पोत आणि रंग खरे राहतात, पण मिशीच्या मागे अचानक डोकं असेल, म्हणजे खोलीत एकदम उडी असेल, तर तो गोंधळतो.

धुरकट कडेचं मूळ मात्र सॉफ्टवेअरच्या अलीकडे आहे. फोकस डोक्यावर असतो तेव्हा पुढची मिशी फोकसबाहेर जाऊन फुगते आणि डोक्याचा तेवढा भाग झाकते. त्या भागाची स्वच्छ नोंद कुठल्याच फ्रेममध्ये नसते. म्हणून शक्य तिथे मुंगी थोडी वळवून मिशी डोक्यावरून न जाता मोकळ्या पार्श्वभूमीवर येईल असं करा. पार्श्वभूमीचा कागद चार-पाच इंच मागे, एकाच मध्यम रंगाचा. पांढऱ्यावर काळे केस सर्वांत वाईट फुगतात.

मग दोन्ही पद्धतींनी स्टॅक काढा. डीमॅपचा फोटो पाया धरा, कॉन्ट्रास्टचा उंबरठा इतका वर न्या की साधी पार्श्वभूमी काळी होईल आणि कीटकाचा पोत शिल्लक राहील. नंतर रिटचिंगमध्ये पीमॅक्समधून फक्त केस आणि मिश्या ब्रशने रंगवून घ्या. हेलिकॉनवाल्यांसाठी हेच काम मेथड बी पाया धरून आणि सी मधून केस घेऊन होतं.

शंभरावर फ्रेम असतील तर आधी सर्व फ्रेम एकदाच जुळवून घ्या, मग दहा-बारा फ्रेमचे गट करा, प्रत्येक गटात मागच्या गटातल्या तीन फ्रेम पुन्हा घ्या, गटागटाने स्टॅक काढा आणि शेवटी त्या गटांचा स्टॅक काढा. रिटचिंग करताना शंभर फ्रेममध्ये शोधण्याऐवजी दहामध्ये शोधावं लागतं. फाइली रॉमधून सगळ्या एकाच सेटिंगवर १६ बिट टिफ करा. शार्पनिंग स्टॅकच्या आधी देऊ नका, पीमॅक्सला ते दाणे फार आवडतात.

प्रश्न (नागपूर) : फोटोत सरळ रेषेत ठिपक्यांची माळ उमटते. हे काय?

उत्तर : सेन्सरवरची धूळ. फ्रेम जुळवताना सॉफ्टवेअर प्रतिमा थोडी मोठी-लहान करतं, धुळीचा कण मात्र सेन्सरवर एकाच जागी असतो, म्हणून जुळवलेल्या फ्रेममध्ये तो सरकत गेलेला दिसतो. गरम पिक्सेलचंही तसंच होतं, फक्त ती माळ रंगीत असते. सेन्सर साफ करा, आयएसओ १०० किंवा २०० ठेवा. माळ उमटलेला स्टॅक वाचवायचा असेल तर ठिपका मूळ सर्व फ्रेममध्ये एकाच जागी असतो, त्यामुळे एका फ्रेममध्ये पुसून तीच दुरुस्ती सगळ्यांना लावता येते.

प्रश्न (नागपूर, दुसरं पत्र) : विद्यार्थी मायक्रोस्कोपचं १० पट ऑब्जेक्टिव्ह (विषयाजवळचं भिंग) कॅमेऱ्याला लावता येईल का?

उत्तर : येईल, आणि फुलपाखराच्या पंखावरचे खवले पाहायला याहून स्वस्त मार्ग नाही. ऑब्जेक्टिव्हवर १६० लिहिलेलं आहे याची खात्री करा. अनंताचं चिन्ह असेल तर ऑब्जेक्टिव्ह आणि कॅमेऱ्याच्या मध्ये आणखी एक लेन्स, म्हणजे ट्यूब लेन्स, लागते. १६० च्या ऑब्जेक्टिव्हचा खांदा सेन्सरपासून १५० मिमीवर यायला हवा. कॅननच्या डीएसएलआरमध्ये माउंटपासून सेन्सर ४४ मिमी आत असतो, म्हणून १०६ मिमीच्या एक्स्टेंशन ट्यूब (पोकळ नळ्या) किंवा बेलोज (घडीचा भाता) लागतील. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये तो ४६.५ मिमी आत, म्हणजे १०३.५. ट्यूबच्या आतून काळा मखमली कागद लावा, नाहीतर आतल्या चमकेने सगळा फोटो पांढुरका होतो.

ऑब्जेक्टिव्हवर १०/०.२५ लिहिलेलं असेल (पहिला आकडा पट, दुसरा प्रकाश गोळा करण्याची क्षमता) तर धारदार पट्टी जेमतेम ९ मायक्रॉनची आणि पाऊल ६ मायक्रॉनचं. ४/०.१० असेल तर पट्टी ५५ मायक्रॉन, सुरुवातीला हेच घ्या. ६ मायक्रॉन रेलच्या मुठीने जमत नाही, पण जुन्या मायक्रोस्कोपच्या बारीक फोकसच्या मुठीवर जमतं, तिच्यावर बहुधा दोन मायक्रॉनच्या खुणाच असतात. विषय त्या मायक्रोस्कोपच्या मंचावर ठेवून सरकवा, कॅमेरा स्थिर राहू दे. साध्या ऑब्जेक्टिव्हचं फोकस कडेला वाकतं, ते स्टॅकमध्ये आपोआप भरून येतं. कोपऱ्यांतली रंगीत झालर मात्र येत नाही, तेवढा भाग कापा.

प्रश्न (पुणे) : वाघोलीच्या खाणीतला कॅव्हन्साइट आणि काही ॲपोफिलाइट स्फटिक जमवले आहेत. कॅव्हन्साइट बरा येतो, ॲपोफिलाइटच्या कडा भुतासारख्या दुहेरी दिसतात.

उत्तर : पारदर्शक स्फटिक हा स्टॅकिंगमधला सर्वांत अवघड विषय. सॉफ्टवेअरला एका जागी एकच खोली हवी असते. तुमच्या स्फटिकात तिथे दोन आहेत: पुढचा चकचकीत पैलू आणि त्यातून दिसणारा मागचा खडक. सॉफ्टवेअर ते दोन्ही मिसळतं. म्हणून स्टॅकच दोन काढा. पहिला फक्त पुढच्या पैलूंच्या फ्रेमचा, तो फोटोचा पाया. दुसरा मागच्या भागाचा, त्यातून लागेल तेवढंच ब्रशने आणा. स्फटिकातून दिसणारा तळ खऱ्या जागेपेक्षा जवळ भासतो. ॲपोफिलाइटचा अपवर्तनांक सुमारे १.५३, म्हणजे ६ मिमी खोलीचा तळ ४ मिमीवर असल्यासारखा फोकस होतो. बाजूच्या खडकाचा तळ मात्र सहावरच. हा फरक माहीत असला की शेवटची फ्रेम लवकर थांबवण्याची चूक होत नाही.

प्रकाश थेट पडू देऊ नका. बटर पेपरचा दंडगोल करून स्फटिकाभोवती उभा करा, दोन बाजूंनी फ्लॅश, आणि एका बाजूला काळ्या कागदाची बोटभर पट्टी लावा. त्या पट्टीचं प्रतिबिंब पैलूची कड रेखतं, नाहीतर काचेसारखा स्फटिक पांढऱ्यात विरघळतो. कॅव्हन्साइटसाठी निळ्या चॅनेलचा हिस्टोग्राम वेगळा पाहा. एकूण एक्स्पोजर ठीक वाटतं आणि निळा उडालेला असतो, मग सुयांचे गुच्छ एका सपाट निळ्या डागासारखे दिसतात.

प्रश्न (कोल्हापूर) : जिवंत कीटक आणि कास पठारावरची छोटी फुलं स्टॅक करता येतात का? कीटक थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावा असं ऐकलं.

उत्तर : फ्रिजमध्ये ठेवू नका. कीटकाला त्याने इजा होऊ शकते, बाहेर काढताच अंगावर दव जमतं आणि बसण्याची ढब मेल्यासारखी दिसते. थंडीत सूर्योदयाच्या सुमारास पाणथळीवर जा. चतुर गवताच्या काडीवर गारठून बसलेले असतात, ऊन लागेपर्यंत हलत नाहीत. तेवढ्या वेळात ट्रायपॉडवर २०-३० फ्रेम आरामात होतात. काडी डोलत असेल तर बाजूला दुसरी काठी रोवून कपड्यांच्या चिमट्याने काडीचा खालचा भाग धरा. जागा असलेल्या कीटकाला हातातल्या कॅमेऱ्याने: फोकस मॅन्युअल, एफ ८, फ्लॅश १/३२, आणि बर्स्टमध्ये ८-१० फ्रेम घेत अंग हळूच पुढे झुकवा. त्यातल्या पाच जुळल्या तरी डोळ्यांपासून पंखांच्या मुळापर्यंत मजल जाते.

कासवर सीतेची आसवं किंवा दवबिंदू या छोट्या रोपांचे फोटो घेताना वारा हाच प्रश्न. तिथे अर्ध्या पटीवर राहा आणि एफ ८ ठेवा. वरच्याच हिशेबाने पट्टी सव्वा मिमी होते, १ मिमीच्या किंचित आतलं पाऊल, म्हणजे १० मिमी खोल फुलाला डझनभर फ्रेम. कॅमेऱ्यात फोकस ब्रॅकेटिंग (फोकस आपोआप सरकवत फ्रेम घेण्याची सोय) असेल तर त्या दोनेक सेकंदांत होतात. निकॉन आणि कॅननमध्ये पावलाची सेटिंग १ ते १० अशी असते, पण ती मिमी नाही. घरी तिरक्या पट्टीवर एफ ८ ला ३, ४ आणि ५ वापरून कोणता आकडा किती सरकतो ते आधी लिहून ठेवा. बऱ्याच कॅमेऱ्यांत या सोयीसोबत फ्लॅश चालत नाही, म्हणून ढगाळ सकाळ निवडा. वारा थांबण्याची वाट पाहा, तो लाटांनी येतो आणि मध्ये चार-पाच सेकंद पडतो. ट्रायपॉडचे पाय वाटेवरच राहू देत. दवबिंदूचं रोप बोटाएवढं असतं आणि फोटोत न आलेली शंभर रोपं आपल्या गुडघ्याखाली असतात.